‘कधीपासून?’ एवढं विचारा : महाराष्ट्रातल्या मनोविकारतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र महाराष्ट्रातल्या सगळ्या मनोविकारतज्ज्ञांना आहे. शहरात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्यांना, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत नोकरी करणाऱ्यांना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून ठरलेल्या दिवशी तालुक्याला येणाऱ्या आणि रांग संपेपर्यंत जेवायलाही न उठणाऱ्या डॉक्टरांनाही.

मी एका ऑटिस्टिक माणसाची मोठी बहीण आहे. माझा भाऊ आता 31 वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमताही आहे. बोलायला त्याच्याकडे पन्नासेक शब्द आहेत, त्यातले निम्मे एसटीच्या पाट्यांवरचे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहू का, हे त्याला समजेल असं कसं विचारायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

कृष्णाकाठच्या एका लहान गावात आमचं घर आहे. त्याचा दिवस वर्षानुवर्षं आखलेला होता. सकाळी कार्यशाळा, तिथे कागदी पिशव्यांना दोरी ओवायची. चार वाजता घर. आजीच्या हातची, दुधात कुस्करलेली भाकरी. मग पाच ते साडेसहा एसटी स्टँड. ठरलेलं बाकडं, फुटाण्यांचा पुडा आणि गाड्या. स्वारगेट, चिपळूण, पाटण, मिरज. पाटी दिसली की तो मोठ्याने नाव घ्यायचा आणि स्वतःशीच हसायचा. कंडक्टर, कॅन्टीनवाले काका, सगळे त्याला ओळखायचे. साडेसहा झाले की पुडा खिशात घालून आपला आपण घरी यायचा.

2021 च्या पावसाळ्यात आजी गेली.

तेव्हा आम्ही जे केलं, ते बहुतेक घरांत करतात. रडारड बघून तो बिथरेल म्हणून त्याला त्याच दिवशी मावशीकडे पाठवलं. तेरावं झाल्यावर परत आणलं. तोवर आजीची कॉट माळ्यावर गेली होती, तिची औषधांची डबी कपाटात गेली होती. तो माजघरात आला, कॉटच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आजी?’’ आईने सांगितलं, ‘‘आजी गावाला गेली.’’

महिन्या-दीड महिन्यात तो बदलला. रात्र रात्र जागा राहायला लागला. भाकरी समोर ठेवली की ताट लांब सरकवायचा. स्टँडवरून घरी येईना. साडेसहा व्हायचे, सात व्हायचे, आठ. बाबा आणायला गेले की हात हिसकायचा. एकदा गाडीत चढून बसला, खाली उतरवताना बाबांच्या मनगटाला चावला. उजव्या गालावर स्वतःच्या मुठीने मारून घ्यायला लागला, गाल काळानिळा होईपर्यंत. शेजारचे म्हणाले, मोठा झाला, आता तुम्हाला आवरायचा नाही. कोणी म्हणालं, बाहेरचं बघा. आम्ही तेही बघितलं. आत्या त्याला एका देवऋषाकडे घेऊन गेली. आजही बाबांना ते सांगताना खाली मान घालावी लागते, पण मी लिहिते आहे, कारण तुमच्या दारापर्यंत येण्याआधी घरं कुठून कुठून फिरून येतात, ते तुम्हाला माहीत असावं.

मग आम्ही जवळच्या शहरात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदपत्रं पाहिली, त्यांवर ‘ऑटिझम’ वाचलं आणि म्हणाले, ‘‘त्याचं ते ऑटिझमच आहे. वय वाढलं की आक्रमक होतात.’’ गोळी सुरू झाली. मी त्या डॉक्टरांना वाईट म्हणणार नाही. बाहेर चाळीसेक माणसं बसलेली होती, माझा भाऊ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता आणि आम्हाला तरी नीट कुठे सांगता आलं होतं? ‘‘मारतो, चावतो, झोपत नाही,’’ एवढंच आम्ही सांगितलं.

गोळीने तो झोपला. मग लाळ गळायला लागली. दीड वर्षात वजन 62 वरून 79 किलोवर गेलं. नंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. त्याला एका जागी बसवेना. सोप्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून सोपा, रात्री दोनलाही चालूच. आम्ही जाऊन सांगितलं की अस्वस्थपणा वाढलाय, आणि डोस वाढला. डोस वाढला तसं चालणंही वाढलं. त्या गोळ्यांनीच अशी अस्वस्थता येऊ शकते, तुमच्या शास्त्रात तिला अकाथिसिया म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बोलता येणारा माणूस म्हणतो, ‘‘डॉक्टर, या गोळीने पायांत वळवळ होते, बसवत नाही.’’ माझ्या भावाकडे ‘वळवळ’ हा शब्द नाही. त्याच्याकडे चालणं होतं, आणि त्या चालण्याची नोंद आजार वाढल्याची खूण म्हणून झाली.

अशी दोन वर्षं गेली. मग एका पालकाने सांगितलं म्हणून आम्ही दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी आधी भावाला नावाने हाक मारली, त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि मग आईला विचारलं, ‘‘हे कधीपासून?’’

आई म्हणाली, ‘‘लहानपणापासूनच तसा तो...’’

‘‘नाही, हे. जेवण सोडणं, जागं राहणं, मारून घेणं. त्याआधी कसा होता?’’

तेव्हा आम्ही पहिल्यांदा हिशोब केला. आईने बोटांवर महिने मोजले. बाई म्हणाल्या, ‘‘त्याच्या आधी घरात काय झालं होतं?’’ आजी गेल्या होत्या. ‘‘मग त्याला काय सांगितलंत?’’

‘‘आजी गावाला गेली, असं.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘गावाला गेलेलं माणूस परत येतं, तेव्हा कुठे उतरतं?’’

आई तिथेच रडायला लागली. त्या दोन वर्षांत तो स्टँडवर काय करत होता, ते आमच्या कोणाच्या मनात आलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन तो उभा राहायचा, तेव्हा आम्हाला वाटायचं, गाड्यांचं वेड वाढलं. मी आजही खात्रीने सांगू शकत नाही की तो आजीची वाट बघत होता. त्याने तसं कधी सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचतही नाही.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली. मारून घेतो ते उजव्याच गालावर का, असं विचारलं आणि दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. भूल देऊन तपासावं लागलं. उजवीकडची खालची दाढ आतून पूर्ण किडली होती, मुळाशी पू होता. किती महिने, कोण जाणे. दाढ काढल्यावर आठवड्याभरात गालावरची मूठ जवळजवळ थांबली.

निदान नैराश्याचं झालं. आधीची गोळी हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने कमी केली, नैराश्याची सुरू केली. (हे वाचणाऱ्या पालकांना हात जोडून सांगते, चालू गोळी आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नका, त्यानेही घात होतो.) आणि बाईंनी सांगितलं की त्याला खरं सांगा. साध्या शब्दांत, ‘देवाघरी’ नाही, ‘गावाला’ नाही. आम्ही आजीचा फोटो आणि तिचं एक लुगडं घेऊन त्याला घाटावर नेलं. बाबा म्हणाले, ‘‘आजी मेली. आजी परत येणार नाही.’’ बाबांना हे म्हणायला तीन वेळा सुरुवात करावी लागली. भावाने लुगडं नाकाशी धरलं. मग कित्येक महिने रोज जेवताना तो म्हणायचा, ‘‘आजी नाही,’’ आणि आम्ही म्हणायचो, ‘‘हो, आजी नाही.’’ बाकी काही म्हणायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

आता तो झोपतो. भाकरी खातो, पण दुधात नाही. वजन फारसं उतरलेलं नाही. जुन्या गोळीचा छोटा डोस अजून चालू आहे. स्टँडवर जातो, पाट्या वाचतो, हसतो कधीतरी. सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी लिहिणार नाही.

डॉक्टर, एका घराची एवढी मोठी गोष्ट मी सांगितली, कारण ती एका घराची नाही. ‘त्याचं ते ऑटिझमच आहे’ या वाक्यापाशी दार बंद होतं, आणि अशा मुलांच्या पालकांची आमची बैठक भरते, तिथे ते जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेलं असतं. कोणी ते ‘मतिमंदांचं असंच असतं’ असं ऐकलेलं असतं. अमेरिकेत स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्येच दाखवून दिलं होतं की माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असं समजलं की त्याच्या मानसिक आजाराची तीच लक्षणं तज्ज्ञांना किरकोळ वाटू लागतात. त्याला तुम्ही डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणता. जुन्या निदानाची सावली नव्या दुखण्यावर पडते आणि नवं दुखणं दिसत नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट तुमच्या पुस्तकांत आहे.

आजार किती, तेही पुस्तकांत आहे. ग्लासगोमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या 1,023 प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. वर्तनाच्या अडचणी धरून, डॉक्टरांच्या निदानानुसार जवळपास 41 टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार होती. ऑटिस्टिक लोकांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित मांडणी 2019 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिच्यात चिंताविकार सुमारे 20 टक्के आणि नैराश्य 11 टक्के लोकांमध्ये दिसलं. म्हणजे आमची माणसं तुमच्याकडे चुकून आलेली नाहीत. ती तुमचीच पेशंट आहेत.

आपल्या भाषेनेही यात भर घातली आहे. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण हा शब्द ऐकणाऱ्याला वाटतं, हे मूल स्वतःत रमलेलं आहे, त्याला बाहेरच्याशी देणंघेणं नाही. स्वतःत रमलेल्याला दुःख कसलं? आजी गेल्याचं त्याला काय? माझ्या आईने हा शब्द वीस वर्षं वापरला, आणि म्हणूनच ‘गावाला गेली’ हे सांगून भागेल, असं तिला वाटलं. मी आता ‘ऑटिझम’ आणि ‘ऑटिस्टिक’ असंच लिहिते. परका शब्द आहे, पण तो निदान काही खोटं तरी सांगत नाही.

तुमच्या तपासणीच्या कागदांतही तेच. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही आपल्या देशात तयार केलेली मोजपट्टी लावतात, 40 मुद्द्यांची. भावाच्या वेळी मी शेजारी बसले होते. त्यातला एक मुद्दा साधारण असा आहे की उघड कारण नसताना हा उत्तेजित किंवा अस्वस्थ होतो का. तेव्हा मी पटकन ‘हो, बऱ्याचदा’ म्हणाले. आता वाटतं, उघड कारण नसताना म्हणजे कोणाला उघड नसताना? किडलेली दाढ कोणाला उघड होती? ती मोजपट्टी ऑटिझम किती आहे हे ठरवण्यासाठी आहे, तिचं तेवढंच काम आहे, हे मला मान्य आहे. पण त्या टक्केवारीचा कागद एकदा फायलीत लागला की पुढे त्या माणसाचं काहीही झालं तरी उत्तर त्याच कागदात शोधलं जातं.

कायद्याचं बोलायचं, तर आपल्याकडे कायदे कमी नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याने 7 प्रकारांऐवजी 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली, त्यांत ऑटिझम आहे, बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजारही आहे. त्याच्या 25 व्या कलमात दवाखान्यात तपासणी आणि उपचारांसाठी प्राधान्य देण्याची तरतूद आहे. पाठोपाठ 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून ‘मेंटल रिटार्डेशन’ वगळलं, आणि तेही याच जुन्या शब्दात, जो आधीच्या कायद्याने काही महिन्यांपूर्वीच टाकून दिला होता. वगळलं ते बरोबरच आहे. बौद्धिक अक्षमता हा आजार नाही. पण त्याचा व्यवहारातला अर्थ काय लावला जातो? ‘‘तुमच्या मुलाचं इथे नाही, दिव्यांगच्या ऑफिसात जा.’’ तिथे गेलं की, ‘‘हे मानसिक आहे, आरोग्यवाल्यांकडे जा.’’ दोन घरचा पाहुणा उपाशी. अक्षमता हा आजार नसला तरी अक्षमता असलेल्या माणसाला आजार होतो, आणि तो झाला की त्या कायद्यातला उपचाराचा हक्क त्यालाही आहे. हे तुमच्या ओपीडीतल्या केसपेपर काढणाऱ्यापासून सर्वांना तुम्हीच सांगू शकता. आमचं कोणी ऐकत नाही.

आता गोळ्यांबद्दल. मी गोळ्यांच्या विरोधात नाही. नैराश्याच्या गोळीने माझ्या भावाला उठवलं. पण मारतो-चावतो म्हणून दिली जाणारी गोळी वेगळी. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या, आक्रमक वागणाऱ्या 86 प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल ही मनोविकारावरची औषधं आणि काहींना नुसती औषध नसलेली गोळी दिली. आक्रमकपणा तिन्ही गटांत कमी झाला, आणि सर्वांत जास्त कमी झाला तो औषध नसलेल्या गोळीच्या गटात. हा एकच प्रयोग आहे आणि संख्या लहान आहे, हे तुम्ही मला सांगाल. तरी माझ्यासारखीला एवढं समजतं की त्या काळात त्या माणसांकडे कोणीतरी नीट लक्ष देत होतं. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2016 पासून बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्यांच्या गोळ्या विनाकारण वाढू नयेत म्हणून ‘स्टॉम्प’ नावाची मोहीमच हाती घेतली. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘कंटिन्यू’ लिहिलं जातं. आमच्या ओळखीत एकजण आहे, त्याची गोळी अकरा वर्षं ‘कंटिन्यू’ आहे. ती कशासाठी सुरू झाली होती, हे आता त्याच्या आईलाही आठवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की चिठ्ठीवर औषधाशेजारी ते कशासाठी, हे एका ओळीत मराठीत लिहा. आणि ते पुन्हा कधी तपासायचं, ती तारीख लिहा. बस.

आणि गोळी लिहिण्याआधी अंगाला हात लावून तपासा, किंवा तपासून घ्या. दात, कान, पोट. बद्धकोष्ठ, आंबट पाणी, फिट. मुलींच्या पाळीच्या वेदना. आमच्या बैठकीतल्या एका ताईंची मुलगी दर महिन्याला चार दिवस भिंतीवर डोकं आपटायची, आणि ते चार दिवस कोणते, हे कॅलेंडरवर खुणा केल्यावर कळलं.

एक प्रश्न विचारायला तुम्हालाही जड जात असेल, पण तो विचारा. कोणी त्रास दिला का, कोणी अंगाला हात लावला का? जो सांगू शकत नाही, त्याच्याशी असं वागणाऱ्याला कशाचीच भीती नसते. एखादी मुलगी अचानक आंघोळीला घाबरू लागते, रिक्षात बसायला नकार देते, अंथरुणात लघवी करू लागते, आणि केसपेपरवर ‘बिहेवियर प्रॉब्लेम’ लिहिलं जातं. हा प्रश्न घरच्यांना बाहेर बसवूनही कधीकधी विचारावा लागेल. कसा विचारायचा, चित्रं वापरायची की बाहुली, ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता.

किशोरवयातल्या आणि विशीतल्या मुलांबद्दल आणखी एक. लॉर्ना विंग या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ, स्वतः एका ऑटिस्टिक मुलीची आई. त्यांनी आणि अमिता शहा यांनी 2000 मध्ये लिहिलं की त्यांच्याकडे पाठवलेल्या 15 वर्षांवरच्या ऑटिस्टिक व्यक्तींपैकी 17 टक्क्यांमध्ये कॅटॅटोनियाची, म्हणजे हालचाल मध्येच गोठून जाण्याच्या आजाराची, लक्षणं होती. आमच्या बैठकीत एक बाबा येत. त्यांचा मुलगा उंबरठ्यावर थांबायचा. एक पाय आत, एक बाहेर, अर्धा अर्धा तास. घास तोंडाजवळ नेऊन तसाच थांबायचा. सगळे म्हणायचे आळशी झाला, हट्टी झाला, ऑटिझम वाढला. तीन वर्षांनी कोणीतरी ओळखलं. या आजारावर उपचार आहे, आणि तो उंबरठा त्याला तीन वर्षं आधी ओलांडता आला असता.

आतापर्यंत मी न बोलणाऱ्यांबद्दलच लिहिलं, कारण माझं घर तसं आहे. पण ज्यांना बोलता येतं, त्यांचं सोपं आहे असं नाही. कॉलेजात, आयटी कंपनीत, बँकेत काम करणारी ऑटिस्टिक मुलं-मुली मला भेटली आहेत. दिवसभर इतरांसारखं हसायचं, इतरांसारखं डोळ्यांत बघायचं, आणि संध्याकाळी खोलीत अंधार करून पडून राहायचं. अशी एक मुलगी एका डॉक्टरांकडे चिंतेसाठी गेली, तर त्यांनी सांगितलं, ‘‘तू तर ऑटिस्टिक वाटतही नाहीस.’’ तिने दिवसभर जे केलं होतं, त्याचं ते कौतुक होतं. तिने नंतर जायचंच सोडलं. या मुलांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार इतरांपेक्षा पुष्कळ जास्त येतात, हे संशोधनाने वारंवार दाखवलं आहे. त्यांना सरळ विचारा. ‘कसं वाटतंय’ याचं उत्तर त्यांतल्या अनेकांना देता येत नाही, कारण आपल्या भावना ओळखणं हेच त्यांना अवघड जातं. ‘झोप किती तास लागली’, ‘जेवलीस का’, ‘मरावंसं वाटलं का, या आठवड्यात किती वेळा’, याचं उत्तर ती देतात, आणि खरं देतात. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचंही तसंच. दहावीत त्यांना जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. दहा वर्षं वर्गात ‘ढ’ म्हणून ऐकलं, त्याचं काय करायचं, ते कोणी विचारत नाही.

आणि रिकामे दिवस. मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंत. स्पेशल शाळाही तिथेच संपते. मग कार्यशाळा, ती असली तर. तालुक्याच्या गावात ती बहुतेक नसतेच. मग काय, घर. टीव्ही, गच्ची, खिडकी. 2020 च्या मार्चमध्ये सगळ्या देशाला काही आठवडे घरात बसवलं, तर सगळे म्हणू लागले, वेड लागायची वेळ आली. आमच्या पालकांच्या बैठकीत अशी माणसं आहेत, जी पंधरा वर्षं तशी बसून आहेत. त्यांची चिडचिड होते, तेव्हा त्याला लक्षण म्हणायचं का? हे तुमच्या चिठ्ठीने सुटणारं नाही, मला ठाऊक आहे. पण दिव्यांग कल्याण विभागाला आमच्यासारख्या शंभर पालकांनी अर्ज केले, तर ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. एका जिल्ह्यातल्या पाच मनोविकारतज्ज्ञांनी मिळून लिहून दिलं की या माणसांना औषधाइतकीच दिवसभराच्या कामाची गरज आहे, तर तो कागद वाचला जाईल. लिहून द्या.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. चांगली सोय आहे. पण माझा भाऊ फोनवर बोलू शकत नाही, आणि रात्री दोन वाजता तो स्वतःला मारत असताना फोन करणार ती माझी आई. पलीकडे बसलेल्या माणसाला अशा फोनवर काय विचारायचं, कसं धीराने घ्यायचं, हे तुम्ही शिकवलंत तर ती सोय आमचीही होईल. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांनाही आमच्याकडे पाठवा. एखादा दिवस कार्यशाळेत येऊन बसू द्या. पिशव्यांना दोरी ओवताना माझा भाऊ कसा असतो, हे ज्याने पाहिलंय, त्याला तो आजारी पडल्यावर लगेच कळेल.

माझी आई आता 66 वर्षांची आहे, बाबा 71. त्यांच्यानंतर तो माझ्याकडे येणार, हे आमचं ठरलेलं आहे. म्हणजे अजून एक घर बदलायचं आहे आणि अजून दोन मृत्यू त्याला सांगायचे आहेत. या वेळी ‘गावाला’ म्हणणार नाही. पण तेव्हा तो जेवेनासा झाला, तर मी त्याला ज्यांच्याकडे नेईन, ते तुमच्यापैकीच कोणीतरी असाल.

डॉक्टर बाईंनी सांगितल्यापासून मी एक वही ठेवली आहे. शाळेची शंभर पानी वही. रोज काही ओळी. किती वाजता झोपला, काय खाल्लं, शौचाला झाली का, कुठे हात लावून दाखवलं, कोणत्या गाड्यांची नावं घेतली. नावं घेणं थांबलं की काहीतरी बिनसतंय, हे आता मला चार दिवस आधी कळतं. तीन वह्या भरल्या, चौथी चालू आहे. त्याला तुमच्याकडे आणीन, तेव्हा वही बरोबर असेल. सगळी वाचायला वेळ नसणार, ते मला दिसतं. ज्या पानापासून बदल झाला, त्या पानात मी एसटीचं तिकीट घालून ठेवीन. तेवढं एक पान वाचा, आणि मग त्याच्याकडे बघा.

कळावे,

आपली नम्र,
त्याची ताई